पंधरा महिन्यांची पाहुणी

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हटलं की मुलं नाचतात आणि आपण कपाळाला हात लावतो. पुसापुशी शेवटी कुणाच्या वाट्याला येणार हे ठाऊक असतं ना! त्यात जे पिल्लू वर्ष-सव्वा वर्षानं परत द्यायचं, ते मुद्दाम कुणी आणील का? माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आणलं. त्या न्यू जर्सीत राहतात. २०२३ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली तशी सासूबाईंना घेऊन मी महिनाभर त्यांच्याकडे गेले, तर आमच्या आधी चारच दिवस तिथे दाखल झालेली ही हेझल! आठ आठवड्यांची, पिवळसर लॅब्रेडॉर.

तिथे मॉरिसटाऊनला ‘द सीइंग आय’ नावाची संस्था आहे. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याचं काम ती १९२९ पासून करते. पिल्लं आधी कुटुंबांत वाढवायला देतात. साधारण पंधरा महिन्यांची झाली की परत नेतात आणि मग खरं शिक्षण. आपण फक्त त्यांना माणसांत राहायला शिकवायचं. ‘फक्त’ म्हणायला सोपं!

पहिले पंधरा दिवस जाऊबाईंचे डोळे बाळंतिणीसारखे झाले होते. पिल्लू रात्री त्यांच्या पलंगाशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात. दर दोन-तीन तासांनी कुंई-कुंई. की उठा, पट्टा लावा, बाहेर न्या. रोज तीच जागा आणि तेच शब्द, ‘पार्क टाइम’. बाहेर उरकलं की लगेच शाबासकी. घरात झालं तर रागवायचं नाही, मुकाट्यानं पुसायचं. पुढे अंध मालकाला कुत्रा कुठे बसला हे दिसणार नाही, म्हणून शब्दासरशी, ठरल्या जागी उरकायची सवय आत्तापासून. हे कळल्यावर मला त्या रात्रपाळीचा अर्थ लागला.

दात म्हणजे सुयाच. सासूबाईंचा पदर तर तिचा फार लाडका. आपला हात पटकन उठतो, नाही का? इथे चापट बंद. पदर धरला की खेळ थांबवून स्तब्ध उभं राहायचं आणि तोंडात तिचं दोरीचं खेळणं द्यायचं. ओढाताण केली, ओरडलं, की तिला तोच खेळ वाटतो.

शिवाय घरात सगळ्यांचा शब्द एक हवा. जाऊबाई म्हणणार ‘सिट’, सासूबाई म्हणणार ‘बस’. आणि ती पाय चाटायला लागली की पुन्हा ‘बस, बस!’ बिचारीनं बसायचं की थांबायचं?

पण खरी परीक्षा जेवणाच्या टेबलाशी. पानातलं काही द्यायचं नाही, हा पक्का नियम. खाण्याच्या वासाला भुलणारा कुत्रा उद्या भररस्त्यात पडलेल्या तुकड्याकडे मालकालाही ओढून नेईल. सासूबाईंना हे पटेना. उरलेली पोळी दारच्या कुत्र्याला, ही त्यांची जन्माची सवय. पौर्णिमेला सत्यनारायण झाला. दुपारी बघते तो हेझल बशी चाटतेय. प्रसादाचा शिरा, आणि त्यात बेदाणे!

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात आणि कुणाला किती बाधतील याचा नेम नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. ते आपल्या चिंचेतही असतं, बरं का! कांदा, लसूण, चॉकलेट हेही वर्ज्य. जाऊबाईंनी तडक गाडी काढली. डॉक्टरांनी उलटी करवली, सलाइन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. (घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानंच घात होतो.)

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. ‘आई, मी तुम्हाला पन्नासदा सांगितलं होतं,’ असं जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं होतं. खरं सांगू? मला आमचाच राग आला. ‘देऊ नका’ एवढंच आम्ही सांगत होतो. का ते त्यांच्याजवळ बसून कुणी समजावलंच नव्हतं. बेदाण्यांचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेझल घरी आली, रक्ताची तपासणी ठीक निघाली. जाऊबाईंनी संस्थेला सगळं जसंच्या तसं कळवलं. पिल्लू काढून नेतील या धास्तीनं त्यांचा आवाज कापत होता, पण तसं झालं नाही. सासूबाईंनी माझ्याकडून वर्ज्य पदार्थांची यादी मराठीत लिहून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. सकाळ-संध्याकाळचं मोजून द्यायचं खाणं जाऊबाईंनी त्यांच्याकडेच सोपवलं. नातवानं शिकवल्याप्रमाणे ‘सिट’ म्हणायचं, ती बसली की मगच वाडगं खाली. आम्ही निघेपर्यंत वाडगं दिसताच ती आपणहून बसायला लागली होती, आणि टेबलापाशी घुटमळणंही बरंच कमी झालं होतं.

इथे आमच्या दाराशी मोत्या असतो. त्यामुळे आमचा शिरा आता बिनबेदाण्याचा होतो. हे कुरकुरतात. सासूबाई म्हणतात, ‘चारोळ्या घातल्यात की!’