ताल, घाम आणि गुडघे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तोच डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद पुढे धरला. म्हणाले, "बाई, साखर वेशीपाशी येऊन उभी आहे. आता हातपाय हलवा!" या साखरेपायी माझ्या आईने काय सोसले ते मी जवळून पाहिलेले. मी मनातून घाबरले. एकटीने फिरायला जाण्याचा मला कंटाळा. तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, ॲरोबिक्सच्या क्लासला जा ना. गाणी लावतात, नाचता नाचता व्यायाम होतो."

घराजवळच एक क्लास होता. भिंतभर आरसे, रंगीत दिवे आणि वर्षाच्या फीवर दिवाळीची सवलत! सवलत म्हटली की आपला हात पर्सकडे जातोच. पैसे भरून मी मोकळी झाले. माझे वय बावन्न, पण ते कुणी विचारले नाही. शिकवणाऱ्या बाई आरशाकडे तोंड करून उड्या मारीत होत्या, आम्ही त्यांच्या पाठीकडे पाहून. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. महिनाभर लंगडले आणि फीही बुडाली. "या वयात नाच हवा कशाला?" असे घरात ऐकून घ्यावे लागले, ते गुडघ्यापेक्षा जास्त दुखले.

पण भगिनींनो, चूक नाचाची नव्हती, निवडीची होती. हा काही पोरखेळ नाही. अमेरिकेतील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहून हृदय आणि फुफ्फुसे बळकट करणाऱ्या व्यायामाचे महत्त्व मांडले. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी त्याला नृत्याची जोड दिली. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. मंगळागौर जागवताना झिम्मा-फुगड्यांनी आपल्या आज्यांची छाती अशीच भरून येत असे. फरक इतकाच, की हे आठवड्यातून तीन वेळा तरी करायचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पन्नास मिनिटांचे तीन तास झाले की हिशेब जुळतो.

तेव्हा फी भरण्याआधी एक दिवस नुसते बसून पाहा. शिकवणारी व्यक्ती आरशात पाहते की तुमच्याकडे? रक्तदाब, गुडघे, चालू औषधे यांची चौकशी करते का? उडी झेपत नसेल त्यांना एक पाय सदैव जमिनीवर राहील अशी सोपी हालचाल दाखवते का? सुरुवातीची पाच-दहा मिनिटे सावकाश हवीत आणि शेवटही सावकाश. एकदम थांबले तर घेरी येऊ शकते. जमीन लाकडी किंवा थोडी दबणारी असावी, सिमेंटवरची फरशी नको. बूट पावलाला बाजूनेही आधार देणारे हवेत, कारण नाचात पाय आडवेही पडतात. श्रम बेताचे आहेत की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही: बोलता यावे, पण गाता येऊ नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि फी भरायची ती एका महिन्याचीच!

मी दुसरा क्लास असाच पारखून घेतला. सोसायटीचा साधा हॉल, आरसा एकही नाही. पण तिथल्या मुलीने गाणे लावण्याआधी विचारले, "काकू, गुडघा कसा आहे आता?" त्याला दहा महिने झाले. साखर वेशीपासून जरा मागे हटली आहे. "या वयात नाच कशाला?" म्हणणारे आमच्या घरचे गृहस्थ हल्ली मला हॉलपर्यंत सोडायला येतात आणि खिडकीबाहेर उभे राहून, कुणी पाहत नाही असे समजून, पाय हलवीत असतात.