पुलावर सायकलला जागा

सामान बांधून सायकलवर दूरचा प्रवास करायचा, तोही पहिल्यांदाच आणि परक्या देशात, असं कुणी ठरवलं तर मी जपानचा शिमानामी काइदोच सुचवीन. होन्शू बेटावरचं ओनोमिची आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी यांच्यामध्ये सेतो समुद्र आहे. त्यातली सहा बेटं पुलांनी ओवून साधारण ७० किलोमीटरचा हा रस्ता झालाय. ओनोमिचीहून पहिल्या बेटावर, मुकाईशिमावर, छोट्या फेरीनं जायचं. काही मिनिटांत पलीकडे उतरलं की रस्त्याच्या कडेला निळी रेघ दिसते. ती धरून थेट इमाबारी गाठता येतं. जपानी वाचता आलं नाही तरी अडत नाही. शिवाय वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे वळणावर बिचकायला होत नाही.

मला धास्ती होती चढाची. खालून जहाजं जायची म्हणजे पूल उंच असणार, आणि बेटावरचा रस्ता तर समुद्राला खेटून. मधली सगळी उंची पायांनीच चढायची! पण पुलाकडे जाणारी सायकलींची वाट वेगळी आहे. डोंगराच्या अंगानं वळसे घेत ती वर जाते आणि चढ जेमतेम तीन टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर तीन मीटर वर. खालचा गिअर टाकायचा आणि घाई करायची नाही. दम लागतो, पण मागे सामानाच्या पिशव्या अडकवलेल्या असूनही उतरावं लागत नाही. ज्यानं कुणी ही वाट आखली, त्यानं नवख्याची छाती किती धपापते याचा विचार केला होता. त्या अनोळखी माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

इन्नोशिमाच्या पुलावर सायकली मोटारींच्या खालच्या मजल्यावरून जातात. डोक्यावर ट्रकची धडधड, बाजूच्या जाळीपलीकडे समुद्र. पुढचं इकुचिजिमा हे लिंबांचं बेट. तिथल्या सेतोदा गावात मुक्काम करावा. संध्याकाळी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसलं की मांड्यांचा ठणका कुठच्या कुठे जातो.

खाण्याची काळजी करू नये. कोंबिनी म्हणजे तिथली रात्रंदिवस उघडी असणारी छोटी दुकानं. त्यात ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात. शाकाहारी माणसानं उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा घ्यावा. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. त्याच क्रमानं ते ओढलं की आतली नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा पापुद्रा, कुरकुरीत हाती येते.

पुढे लागणारा तातारा पूल १९९९ साली खुला झाला, तेव्हा तिरक्या तारांनी तोललेल्या पुलांत त्याचा ८९० मीटरचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. त्याच्या मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज दोन भिंतींमध्ये आपटत, थरथरत वर चढत जातो. तिथे आजी-आजोबाही लहान मुलांसारखे टाळ्या वाजवत होते. मीही मनसोक्त वाजवल्या.

शेवटी कुरुशिमा. एकापुढे एक असे तीन झुलते पूल, मिळून सुमारे चार किलोमीटर. खाली भरती-ओहोटीच्या ओढीत पाणी गरगरतं, वर वारा हँडल हलवतो आणि तरी निर्धास्त वाटतं, कारण सायकलची मार्गिका मोटारींपासून अलग आहे. इथे मला मुंबईची आठवण झाली आणि राग आला. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, अटल सेतू २०२४ मध्ये. दोन्हींवर सायकलला मज्जाव. समुद्रावरून पायडल मारत जाण्याचं सुख आपल्या माणसांनाही मिळायला हवं होतं. सेतू आखतानाच दोन-तीन मीटर रुंदी मागणारं कुणीतरी ठामपणे बोलायला हवं होतं.

जायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत जावं. जून-जुलैत पाऊस आणि पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत वादळांची भीती. सायकल इथून न्यायची गरज नाही. ओनोमिचीला भाड्यानं घेतलेल्या बऱ्याच साध्या सायकली इमाबारीला परत करता येतात. स्वतःची न्यायचीच असेल तर ती सुटी करून पिशवीत पूर्ण झाकल्याशिवाय रेल्वेत घेत नाहीत, तेव्हा चाक काढायचा सराव घरीच करावा. तरबेज मंडळी हे अंतर एका दिवसात कापतात. नवख्यानं दोन दिवस हाताशी ठेवावेत.