तिला विचारलंय का कुणी?

आमच्या गल्लीत सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला बोलता येत नाही. आईच भरवते, उचलते. वहिनींच्या कमरेचं दुखणं, मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. "तिला काय कळतंय," त्या नेहमी म्हणायच्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ ने या मुलीला समाजात राहण्याचा हक्क दिलाय. मदतनीस मिळावा, असंही त्यात आहे. आमच्या गावात तो कागदावरच! पण तिला विचारायला कुठे पैसे पडतात? परवा दोन रंगांच्या बांगड्या तिच्यासमोर धरल्या नि थांबले. (थांबावं लागतं हो, चांगली पाच मिनिटं.) नजर लाल बांगड्यांवर खिळली.

"मी तर वर्षानुवर्षं हिरव्याच आणतेय," वहिनी पुटपुटल्या.