काळ्या चिमणीची राख



बोलपट म्हटला की प्रेम आलेच, आणि प्रेमाच्या मागोमाग नशीबही येते. मोठ्या भांडवलाच्या बोलपटांत या दोघांचे भांडण शेवटच्या रिळात मिटते. प्रेक्षकाने संतुष्ट होऊन घरी जावे, अशी पैसे घालणाऱ्याची इच्छा असते. थोडक्या पैशांत, स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढणाऱ्यावर हे बंधन तितके नसते. म्हणूनच त्याच्या हातून कधी कधी खरे बोलले जाते.

विजयदान देथा यांच्या एका राजस्थानी कथेचे उदाहरण घ्या. वडाच्या झाडावरील एक भूत सासरी निघालेल्या नववधूवर भाळते. तिचा नवरा व्यापारासाठी पाच वर्षे परदेशी निघून जातो, तेव्हा ते त्याचे रूप घेऊन घरी येते. परंतु तिला फसवीत नाही, आपण कोण आहोत हे सांगून टाकते. मणी कौल यांनी १९७३ साली या कथेवर ‘दुविधा’ काढला. त्याला चित्रकार अकबर पदमसी यांनी पैशाचे साह्य केले. त्यात अखेरीस भूत एका मेंढपाळाच्या कातडी पिशवीत कोंडले जाते, आणि ती स्त्री खऱ्या नवऱ्याच्या घरात मुकी होऊन राहते. पुढे २००५ साली अमोल पालेकर यांनी तीच कथा नामवंत नटनट्या घेऊन ‘पहेली’ या नावाने पडद्यावर आणली. तेथे भूत नवऱ्याच्या देहात शिरते आणि सारे गोड होते. ‘पहेली’ देखणा आहे, यात शंका नाही. तथापि मनात रुतून बसते ती ‘दुविधा’तील स्त्री. तिला काय हवे, हे घरात कोणीच विचारीत नाही.

आपल्या मराठीत या जातीचा सर्वांत धारदार चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. तो २०१४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या हा कैकाडी घरातला शाळकरी मुलगा, वरच्या जातीच्या शालूवर त्याचा जीव जडलेला. त्याने ऐकलेले असते की काळी चिमणी जाळून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की मुलगी वश होते. म्हणून बेचकी घेऊन तो माळरानावर त्या पाखरामागे हिंडतो. नवी पँट घेण्यासाठी उसन्या सायकलवरून कांड्या विकतो, तर सायकल ट्रकखाली चिरडते. पाखरू काही हाती लागत नाही. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा नवखा मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता.

या राखेला हसू नये, असे मला वाटते. आमच्या बैहरच्या रानात अडल्यानडल्याला गुनियाकडे जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि शहरातील सुशिक्षितही अंगठीत खडे घालतातच. ज्याला सरळ दाराने आत जाता येते, तो मंत्र शोधीत नाही. जब्याने शालूशी दोन शब्द बोलावे, एवढीही वाट गावाने मोकळी ठेवलेली नाही. मग त्याच्याजवळ राखेवाचून उरले काय?

आणि येथेच नशिबाचा प्रश्न येतो. गावातील मोकाट डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या बापावर, कचरूवर येते. मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, म्हणून तो नाही म्हणू शकत नाही. सारे कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावते आहे, पोरे मजा पाहत आहेत, शालूही पाहते आहे. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होते. मान राखून सर्व जण जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर निसटून जाते. पुढे मारलेले जनावर काठीला टांगून ते नेतात, ते शाळेच्या भिंतीवरून. त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे आहेत. यात आकाशातून काय पडले? सारे माणसांनीच रचलेले आहे.

बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे येथील मराठी घरांची सोयरीक अजूनही गोंदिया-भंडाऱ्याकडे पाहते. वेदीवरून लग्नाच्या घोषणा वाचणाऱ्यास न वाचलेल्या घोषणाही ठाऊक असतात. मुलगा-मुलगी दोघेही राजी, दोघांचाही बाप्तिस्मा झालेला, तरीही वडीलधारी म्हणतात, “फादर, त्यांच्या नशिबातच नव्हते.” जरा विचारपूस केली तर नशिबाच्या जागी पूर्वजांची जात निघते, कधी देण्याघेण्याचा हिशेब निघतो. मुलगी मात्र मान खाली घालून उभी असते, ‘दुविधा’तल्यासारखी.

‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि हिणवणाऱ्यांवर भिरकावतो. तो दगड थेट आपल्या अंगावर येतो व पडदा काळा होतो. मंजुळे यांनी त्यापुढे काही जोडले नाही.

चित्रपटात शिव्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. तेवढ्यासाठी तो टाळू नये. लहानग्यांना निजवून मोठ्यांनी पाहावा. सातवी-आठवीच्या पुढील मुलांना मात्र शेजारी बसवून दाखवावा. ती प्रश्न विचारतील, त्याची तयारी असू द्यावी.