शेपटीकडून चढत जाणारे खवले

पाऊस ओसरला की ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीत बोक्शीला, म्हणजे बारीक आसाच्या पिशवीसारख्या जाळ्याला, कोळंबीबरोबर माशांची नखाएवढी पिल्लंही लागतात. कोळंबी निवडली जाते, उरलेलं चिखलात फेकलं जातं. त्या उरलेल्यात बोय असते, ढोमी असते आणि नशीब फुटकं असेल तर जिताडाही असतो. मोठा होऊन बाजारात आला असता तर ज्याच्यावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली असती, तोच.

असं एखादं पिल्लू भिंगाखाली धरा. मान आणि पोट उघडं, कातडीतून आतलं मांस दिसतं. शेपटीच्या देठाशी मात्र, अंगाच्या मधल्या रेषेलगत, चकचकीत ठिपक्यांची ओळ उमटलेली असते. हे पहिले खवले. बऱ्याच जातींत ते इथूनच सुरू होतात, डोक्याकडे सरकतात, पाठीवर चढतात, पोटाकडे उतरतात. डोकं आणि गळ्याखालचा भाग शेवटी झाकला जातो. कौलारू घर शाकारताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जातात, तोच हा क्रम, कारण इथेही पुढचा खवला मागच्यावर चढलेला असतो. सगळ्याच जातींचं असं नसतं. काहींत खवले एकाच वेळी दोन-तीन जागांहून पसरतात आणि शिंगाळ्याला ते कधी येतच नाहीत.

खवला कातडीच्या आतल्या थरात तयार होतो. त्याच्यावर पातळ त्वचा आणि बुळबुळीत लेप असतो. पुढे माशाच्या खवल्यांची संख्या सहसा वाढत नाही, असलेलेच मोठे होतात आणि त्यांच्यावर वाढीची वलयं उमटतात. खवला निघाला तर त्या जागी नवा येतो, पण त्याच्या मधोमध बालपणीची वलयं नसतात. म्हणून वय मोजणारे अभ्यासक असा खवला बाजूला ठेवतात.

पिल्लाचे खवले अजून पुरे झालेले नसतात, म्हणूनच ‘परत पाण्यात सोडलं की जगतं’ हे म्हणणं मला पटत नाही. खाडीचं पाणी भरतीला खारं, ओहोटीला गोडसर. अर्धं अंग उघडं असलेलं पिल्लू जाळ्यात घासलं गेलं की लेप जातो, त्वचा फाटते, शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि जखमेत रोग शिरतो. पोहत गेलेलं दिसलं, म्हणजे वाचलं असं नाही.

महाराष्ट्र राज्याने 2023 मध्ये माशांच्या 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्यमासा झाला. दोन्ही निर्णय चांगलेच. पण ही फूटपट्टी विकायला आलेल्या माशाला लागते; चिखलात फेकलेल्या पिल्लाला कोण मोजणार? 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांची. खाडीतली पिल्लं तर बंदी उठल्यावरही वाढतच असतात.

यात सगळा दोष बोक्शी लावणाऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. सांडपाणी आणि राडारोडा त्याने खाडीत आणलेला नाही. बाळकुम ते गायमुख सागरी किनारा मार्गही कोलशेतच्या अंगावरूनच जाणार आहे. माझी मागणी साधी आहे. खारफुटीच्या नाळांमध्ये कोणत्या महिन्यात कोणती पिल्लं असतात, त्यातली किती खवल्यांविना असतात, याची नोंद आधी करा, इथल्या कोळी-आगरी मच्छीमारांना पैसे देऊन सोबत घ्या. आणि त्या महिन्यांत नाळांच्या तोंडाशी भरावही नको, बारीक आसाची बोक्शीही नको. बोक्शी बंद ठेवणाऱ्याला त्या दिवसांची भरपाई मिळालीच पाहिजे.