माडीची दुरुस्ती आणि घरातील ज्येष्ठ

सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत माडीची लाकडी जमीन कित्येकदा घरचीच मंडळी दुरुस्त करतात. त्या दिवसांत वृद्धांची सवयीची वाट मोडते. रात्री लघवीसाठी उठताना उचकटलेल्या फळीला पाय अडखळला, तर खुब्याचे हाड मोडू शकते आणि चालतेफिरते माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते. म्हणून कामाआधीच त्यांचे अंथरूण तळमजल्यावर, शौचालयाजवळ हलवावे. वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा. फळ्या घासताना उडणारी धूळ दमेकऱ्यांची धाप वाढवते. ती कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पॉलिशचा वास पुरता जाईपर्यंत त्यांना माडीवर झोपवू नये. खिळा रुतल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.