काम चालू, रस्ता बंद

मराठीत बहुधा सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी अभ्यासला गेलेला मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर तयार आहे : ‘काम चालू, रस्ता बंद’. अवघे चार शब्द. त्यांत कर्ता नाही, काळ नाही, धड क्रियापदही नाही. काम कोणाचे, कधीपासून, कधीपर्यंत आणि कोणासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाला हा मजकूर उत्तर देत नाही. खाली कधीमधी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पुरवणी जोडलेली असते. तिथेही क्षमा मागणारा बेपत्ताच.

कर्ता गाळलेल्या वाक्याचे राजकारण साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना नव्याने समजावून सांगायला नको. तरीही हीच पाटी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात उभी राहते, तेव्हा आपण सारे ती निमूटपणे वाचतो, पायजम्याची किंवा सलवारीची टोके वर धरतो आणि चिखल तुडवत वळसा घालतो. हा लेख त्या निमूटपणाविरुद्ध आहे.

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्र नसलेले तालुके. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, मधून उल्हास आणि पाताळगंगा. भातखाचरांच्या या पट्ट्यात गेल्या काही दशकांत कला-वाणिज्यापासून अभियांत्रिकी-व्यवस्थापनापर्यंतची महाविद्यालये उभी राहिली; कर्जत तालुक्यात आता एक खासगी विद्यापीठही आहे. अशा ठिकाणी आवार आधी पूर्ण होऊन मग वर्ग भरतात, असे नेहमी घडत नाही. खाली तास, वर स्लॅब, असा संसार वर्षानुवर्षे चालतो. त्यात शैक्षणिक वर्ष सुरू होते जूनमध्ये, म्हणजे नेमका पाऊस सुरू होतो तेव्हा. मे महिन्यात खणलेला चर जुलैत ओढा होतो.

आमच्या परिचयाच्या एका आवारात मुख्य इमारतीपासून ग्रंथालयापर्यंतची वाट दोन मिनिटांची होती. मध्ये पत्र्यांचे कुंपण पडले. आता त्याच ग्रंथालयात जायचे तर फाटकाबाहेर पडायचे, डंपरच्या रस्त्याने चालायचे, खडीच्या ढिगांना वळसा घालायचा आणि मागच्या दाराने आत शिरायचे. दोन तासांच्या मधल्या सुटीत हे जमत नाही. संध्याकाळी जावे तर खोपोलीची लोकल डोळ्यांपुढे असते. ती हुकली की पुढचीसाठी ताटकळायचे. परिणाम असा की मुले ग्रंथालयात जाईनाशी झाली. त्यांनी ‘आम्हाला वाचायचे नाही’ असा ठराव केला नाही. वाट मोडली आणि तिच्याबरोबर सवय मोडली, एवढेच. पुढे कोणी तरी परिसंवादात ‘आजची पिढी वाचत नाही’ असा निबंध वाचेल, तेव्हा त्यात पत्र्यांच्या कुंपणाचा उल्लेख नसेल.

यावरचे ठरलेले उत्तर आम्हाला पाठ आहे : ‘हे तात्पुरते आहे; उद्याच्या विद्यार्थ्यांसाठीच तर चालले आहे.’ तात्पुरते म्हणजे किती? एम.ए.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. जे काम दोन वर्षे चालते ते संस्थेच्या इतिहासात एक परिच्छेद असेल. विद्यार्थ्याच्या बाबतीत ते त्याचे संपूर्ण पदव्युत्तर शिक्षण असते. बांधणाऱ्याचे घड्याळ आणि शिकणाऱ्याचे घड्याळ एक नव्हे. आवाराबाहेरचे उदाहरण याच मुलखातले आहे. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाला २०१६ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. २०२५ उजाडले तेव्हाही काम चालूच होते. मंजुरीच्या त्या शैक्षणिक वर्षी पाचवीत असलेला चौकचा मुलगा तोवर पदवीच्या पहिल्या वर्गात पोहोचला होता. रेल्वेला बोगदे खणायचे होते, तिची अडचण समजू शकते. पण ‘उद्याचा विद्यार्थी’ हे एक सोयीचे पात्र आहे, हे यातून दिसावे. तो कधीच तक्रार करत नाही, कारण तो कधीच येत नाही. जो येतो तो आजचाच असतो.

काम चालू असताना वाट चालू ठेवता येते, याचा दाखलाही खालापूर तालुक्यातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली १८५६ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या एक वर्ष आधी. खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये खुला झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत बांधकामात होता. त्या पाच वर्षांत प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर वा गाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. पालखीत बसणारा कोण होता आणि ती खांद्यावर वाहणारा कोण, हे उघड आहे; त्या घाटाच्या कामावर हजारो मजूर मेले, हेही विसरण्याजोगे नाही. मुद्दा इतकाच की ज्याच्या पोहोचण्याला किंमत होती, त्याच्यासाठी वाट काढली गेली. वाट काढणे अशक्य नसते. कोणासाठी काढायची, हा निर्णय असतो.

आणि विद्यापीठाला हे सांगायला बाहेरच्या कोणाची गरज नाही. इथल्या कितीतरी महाविद्यालयांना संलग्न करून घेणाऱ्या मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडेस आले. हिंदुस्थानातल्या अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत अशी की आधी गल्लीबोळांतून पायी हिंडायचे, लोक कुठून कुठे जातात ते पाहायचे आणि मगच नकाशाला हात घालायचा. निदान आधी, उपचार नंतर. शस्त्रक्रिया करावीच लागली तर कमीत कमी कापाकापीची. ज्या विद्यापीठाच्या समाजशास्त्राचा प्रारंभ अशा पायी चालणाऱ्या माणसापासून झाला, त्याच्या छत्राखाली एकाही आवाराचा आराखडा चालणाऱ्याला न विचारता आखला जाऊ नये, ही अपेक्षा फार आहे काय?

कायदाही गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम १६ सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना इमारत, आवार आणि सुविधा सुगम करण्यास सांगते. त्यात ‘बांधकाम संपल्यावर’ अशी सवलत आमच्या वाचनात आलेली नाही. चाकखुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्याला डंपरचा रस्ता हा वळसा नव्हे. त्याच्यापुरते ग्रंथालय बंदच झाले. उलट बाजूला ७५ टक्के हजेरीचा नियम विद्यार्थ्याला काटेकोरपणे लागू होतो. चिखलातून दहा मिनिटे उशिरा पोहोचलेली मुलगी गैरहजर. सहा महिने उशिरा होणाऱ्या कामाची हजेरी मात्र कोणीच घेत नाही.

आमचे भांडण बांधकामाशी नाही, आणि उन्हापावसात राबणाऱ्या मजुरांशी तर मुळीच नाही. त्याच चिखलातून तेही चालतात. सुरक्षिततेसाठी एखादी वाट बंद करावी लागते, हेही मान्य. आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. पाटीवर काम करवून घेणाऱ्याचे नाव आणि पूर्ण होण्याची तारीख लिहावी. जुनी वाट बंद करण्याआधी पायी आणि चाकखुर्चीने जाता येईल अशी पर्यायी वाट तयार असावी. ग्रंथालयाचा रस्ता सर्वांत शेवटी बंद व्हावा आणि सर्वांत आधी उघडावा. मोठ्या आवाजाची कामे तासांच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत व्हावीत. यांपैकी एकाही गोष्टीला अब्जावधी रुपये लागत नाहीत. आवारात माणसे शिकायला येतात, याची आठवण तेवढी लागते.

ती आठवण नाही, हेच त्या पाटीतून कळते. ‘काम चालू’ असे लिहिणाऱ्याच्या मनात काम म्हणजे सिमेंट, सळई, मिक्सर. वर्गात चाललेले व्याकरण, ग्रंथालयात एखाद्या कवितेशी चाललेली झटापट, प्रबंधासाठी काढलेली टिपणे ही त्याच्या लेखी कामे नव्हेत; ती थांबली तर कोणाचे नुकसान होत नाही. शिक्षणसंस्थेच्या आवारात हा शब्दार्थ शिक्षकांनी मुकाट्याने मान्य करावा, याचे आम्हाला वैषम्य वाटते. काम तर इथे आधीपासूनच चालू होते. रस्ता बंद झाल्याने बंद पडले ते तेच.